हिरवळ हवी, हिरवे पाणी नको

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील नव्या वसाहतींमध्ये एक दृश्य हमखास दिसते. घर बांधून झालेले, रंग दिलेला, गॅरेजमध्ये गाडी उभी. पण घरासमोर अंगण म्हणून नुसती काळी, उघडी माती. आणि त्या मातीवर गव्हाचे काड विस्कटून टाकलेले. मिनिआपोलिसच्या उपनगरांत मुला-मुलींकडे राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांना याचे नवल वाटते. गोठा नाही, गुरे नाहीत, मग एवढे काड कशाला? वारा सुटला की ते रस्त्यावर उडते, दिसायलाही काही बरे दिसत नाही. पण दोन-तीन आठवड्यांत त्याच काडातून बारीक हिरवे कोंब डोकावू लागतात आणि ऑक्टोबरमध्ये अंगण हिरवे होते.

हे काड आणि त्याखालच्या मातीत मिसळलेले थोडेसे खत यांचा संबंध केवळ अंगणाच्या शोभेशी नाही. तो जवळच्या तळ्याच्या पाण्याशी आहे, आणि पाण्यामार्फत माणसाच्या यकृताशीही आहे. मिनेसोटा हे ‘दहा हजार तळ्यांचे राज्य’ म्हणून ओळखले जाते. तिथे लॉनला कोणते खत घालावे यावर चक्क कायदा आहे. आणि गंमत म्हणजे जे खत इतरांना मना आहे, ते बियांपासून नवे लॉन करणाऱ्याला त्याच कायद्याने मोकळे ठेवले आहे. ही सूट का दिली, हे समजले की माती, खत आणि आरोग्य यांचे नाते स्पष्ट होते.

लावायची हरळी, पेरायचे गवत

आपल्याकडे लॉन सहसा पेरत नाहीत, लावतात. हरळीच्या, म्हणजे दूर्वांच्या जातीच्या गवताच्या कांड्या खोचायच्या किंवा नर्सरीतून तयार गादी आणून अंथरायची. ही उन्हाळी प्रकृतीची गवते. ऊन जितके कडक तितकी ती जोमाने पसरतात. थंडी पडली की पिवळी पडून निपचित होतात. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत सहज उतरतो. तिथे हरळीचा निभाव लागत नाही.

तिथे चालतात ती थंड हवामानाची गवते: केंटकी ब्लूग्रास, पेरेनियल रायग्रास आणि फेस्क्यूचे विविध प्रकार. १५ ते २४ अंश सेल्सियस तापमानात ती उत्तम वाढतात. भर उन्हाळ्यात मंदावतात, हिवाळ्यात बर्फाखाली झोपतात आणि वसंतात पुन्हा जागी होतात. ती बहुतेक वेळा बियांपासून केली जातात आणि पेरणीचा उत्तम काळ ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा. तेव्हा माती उन्हाळ्याने तापलेली असते, रात्री थंड होऊ लागतात, उन्हाळी तणांचा जोर ओसरतो. पुढचा उन्हाळा येईपर्यंत रोपाला शरद आणि वसंत असे दोन अनुकूल हंगाम मिळतात.

या गवतांचे बी फार बारीक असते. उंच फेस्क्यूच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० दाणे भरतात, तर केंटकी ब्लूग्रासच्या एका ग्रॅममध्ये दोन ते चार हजार. दाणा जितका बारीक तितकी त्याच्या पोटातली शिदोरी कमी. रायग्रास पाच ते दहा दिवसांत उगवते. ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे पेरणीनंतर कित्येक दिवस माती उघडीच राहते. या काळात मोठा पाऊस झाला तर बी, खत आणि वरची सुपीक माती हे सारे रस्त्याच्या कडेच्या गटारात जाते. पावसाचे पाणी वाहून नेणारी ही गटारे अनेक ठिकाणी कोणतीही प्रक्रिया न होता थेट तळ्यात किंवा ओढ्यात उघडतात. नव्या लॉनची खरी परीक्षा याच पाच-सहा आठवड्यांची असते.

पिशवीवरचा मधला आकडा

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे आपल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात: नत्र, स्फुरद, पालाश. १५:१५:१५ म्हणजे तिन्ही सारखे. डीएपी म्हणजे १८:४६:०. पेरणीबरोबर डीएपी देण्याची आपल्याकडची रीत आणि नव्या लॉनला ‘स्टार्टर’ खत देण्याची अमेरिकेतली रीत यामागचे कारण एकच आहे. ते म्हणजे मधला आकडा, स्फुरद अर्थात फॉस्फरस.

फॉस्फरसशिवाय जीव नाही. माणसाच्या शरीरात तो सुमारे ७०० ग्रॅम असतो आणि त्यातला बहुतांश हाडांत व दातांत साठलेला असतो. उरलेला पेशींच्या आवरणात, गुणसूत्रांतील डीएनएमध्ये आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूत असतो. गवताच्या कोवळ्या रोपालाही तो याच कामांसाठी लागतो. अडचण अशी की नत्र पाण्याबरोबर मातीत सहज फिरते, पण स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसते आणि जागचे फारसे हलत नाही. ज्या रोपाचे मूळ जेमतेम सेंटिमीटरभर आहे, त्याच्या हाताशी ते हवे. माती गार असेल तर ही गरज आणखी वाढते. जुन्या, दाट लॉनची गोष्ट वेगळी. त्याच्या मुळांचे जाळे मातीत सगळीकडे पोहोचलेले असते. मातीतला साठा त्याला सहसा पुरतो.

मात्राही फार मोठी नसते. नव्या लॉनसाठी दर चौरस मीटरला साधारण पाच ग्रॅम नत्र आणि तेवढेच स्फुरद पुरते. पिशवीवरचे स्फुरद ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असते. प्रत्यक्ष फॉस्फरस त्याच्या ४४ टक्के. म्हणजे १०० चौरस मीटरच्या अंगणाला ५०० ग्रॅम स्फुरद, आणि त्यात फॉस्फरस सुमारे २२० ग्रॅम. वाटीत मावेल एवढा. पण ही वाटी मातीत राहते की तळ्यात जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

तळे हिरवे होते तेव्हा

मिनेसोटाच्या उत्तर सीमेपलीकडे, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७३ मध्ये तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यावर डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि त्याबरोबर फॉस्फरस. पहिला भाग जवळपास पूर्वीसारखाच राहिला. दुसरा भाग शेवाळाने हिरवागार झाला. विमानातून घेतलेले त्या तळ्याचे छायाचित्र पुढे जगभर पोहोचले. गोड्या पाण्याच्या तळ्यात शेवाळाला सहसा कमी पडतो तो फॉस्फरस. तो मिळाला की त्याची वाढ सुसाट होते, हे सामान्य माणसालाही त्या एका चित्रातून कळले.

एक किलो फॉस्फरसवर ३०० ते ५०० किलो ओले शेवाळ वाढू शकते, असा हिशोब मिनेसोटात रूढ आहे. त्या हिशोबाने अंगणातली २२० ग्रॅमची वाटी सगळीच्या सगळी तळ्यात गेली, तर ६५ ते ११० किलो शेवाळ. आणि अंगण काही एकच नसते.

या हिरव्या थरात अनेकदा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित शेवाळ असते. नावात शेवाळ असले तरी हे जिवाणू आहेत आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात. त्यातले मायक्रोसिस्टिन हे विष प्रामुख्याने यकृतावर घाला घालते. अशा पाण्यात पोहल्याने अंगावर पुरळ उठते, डोळे चुरचुरतात. पाणी पोटात गेल्यास उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. तळ्याकाठी पाणी पिऊन नंतर अंग चाटणारे कुत्रे तर दगावतातही. मायक्रोसिस्टिनच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम अशी सुचवली आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या शंभर टँकरांत मिळून एक ग्रॅम.

या विषाचे सर्वांत भीषण रूप १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात दिसले. डायलिसिसच्या रुग्णांसाठी वापरलेले पाणी सायनोबॅक्टेरिया वाढलेल्या जलाशयातून आले होते आणि ते नीट शुद्ध झालेले नव्हते. डायलिसिसमध्ये एका वेळी शंभराहून अधिक लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशी एका पातळ पडद्याआडून संपर्कात येते. त्यामुळे पोट आणि आतड्यांचा अडसर न लागता विष सरळ रक्तात उतरले. शंभरेक रुग्णांचे यकृत निकामी झाले आणि ५० हून अधिक जण दगावले.

त्यानंतर ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन आढळले. ईरी सरोवरातून येणारे ते पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर काढावे लागले. पाणी उकळून प्या, असे सांगण्याचीही सोय नव्हती. उकळल्याने जंतू मरतात. हे विष मात्र नष्ट होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. ईरी सरोवरातला फॉस्फरस मुख्यतः शेतांतून आलेला होता, हेही सांगायला हवे. तिथे लॉनचा वाटा लहान आहे. पण जिथे तळ्याभोवती शेतांऐवजी घरे आहेत, तिथे अंगणाचा वाटा लहान राहत नाही.

कायदा आणि त्याची सूट

मिनेसोटाने २००२ मध्ये लॉनच्या खतातील स्फुरदावर निर्बंध घालणारा कायदा केला. २००४ पासून तो मिनिआपोलिस–सेंट पॉल या जोडशहरांच्या परिसरात आणि २००५ पासून संपूर्ण राज्यात लागू झाला. त्यामुळे तिथे जुन्या लॉनसाठी मिळणाऱ्या खताच्या पिशवीवर मधला आकडा शून्य असतो. रस्त्यावर किंवा फरशीवर सांडलेले खत लगेच झाडून उचलणे बंधनकारक आहे. स्फुरद वापरता येते ते मोजक्या प्रसंगी: माती परीक्षणात कमतरता दिसली तर, प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या गोल्फ मैदानांवर, आणि नवे लॉन तयार करताना त्याच्या पहिल्या हंगामात.

तळे वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यात ही शेवटची पळवाट का? कारण ती पळवाट नाही. तळ्याचा सर्वांत मोठा शत्रू खताची पिशवी नाही. उघडी माती आहे. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसते, त्यामुळे माती वाहून गेली की तिच्याबरोबर तेही जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारा गाळ शेतजमिनीच्या तुलनेत साधारण १० ते २० पट असतो. अंगणावर गवत लवकर आणि दाट उगवणे हाच यावरचा इलाज आहे. स्फुरदाअभावी गवत विरळ उगवले, तर दोन-चार वाट्या खत वाचेल. पण प्रत्येक पावसाबरोबर माती जात राहील.

औषधाच्या बाबतीत डॉक्टर जे तीन प्रश्न विचारतात, तेच इथे लागू पडतात. गरज आहे का? मात्रा किती? किती दिवस? नव्या रोपाला गरज आहे, मात्रा थोडी आहे आणि मुदत एका हंगामाची आहे. गरज संपल्यावरही चालू ठेवलेले औषध अपाय करते, स्फुरदाचेही तसेच.

काडाचे पांघरूण

खताची वाटी जागेवर ठेवण्याचे काम करते ते काड. भाजलेल्या रुग्णाची त्वचा गेली की शरीरातले पाणी निघून जाऊ लागते आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. नवी त्वचा येईपर्यंत डॉक्टर जखम झाकून ठेवतात. उघड्या मातीवरचे आच्छादन असेच तात्पुरते असते. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि वर कडक पापुद्रा धरतो. मग पाणी जिरत नाही, वाहू लागते. काड तो मारा स्वतःवर घेते. शिवाय ते ऊन अडवते, ओल टिकवते आणि वाहत्या पाण्याला जागोजागी थोपवते. अंकुर फुटू लागलेले बी एकदा जरी पूर्ण सुकले, तर मरते. म्हणून ही ओल फार मोलाची.

काड गव्हाचे किंवा ओटचे घ्यावे. वाळलेला चारा घेऊ नये, कारण त्यात तणांचे बी असते. सुमारे शंभर चौरस मीटरला एक गठ्ठा पुरतो. वरून पाहिल्यावर निम्मी माती दिसली पाहिजे. पांघरूण फार जाड झाले तर कोंबांना प्रकाश मिळत नाही आणि दमटपणाने बुरशी लागून रोपे कोलमडतात. गवत उगवल्यावर काड ओढून काढण्याची घाई करू नये. कोवळी रोपे त्याबरोबर उपटली जातात. ते जागेवरच कुजून मातीत मिसळते. उतारावर मोकळे काड टिकत नाही. तिथे काडाची जाळीदार गादी अंथरून खुंट्या मारतात. जाळी कुजणाऱ्या धाग्याची असलेली बरी, कारण प्लॅस्टिकच्या जाळीत साप आणि इतर लहान जीव अडकतात.

पेरणी ते पहिली कापणी

सुरुवात माती परीक्षणाने करावी. अंगणात चार-सहा ठिकाणी सात ते दहा सेंटिमीटर खोलीची माती घेऊन, एकत्र मिसळून तिचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. मिनेसोटातल्या अनेक जमिनींत मुळातच स्फुरद भरपूर असते. अहवालात साठा पुरेसा दिसला तर नव्या लॉनलाही स्फुरद घालण्याचे कारण नाही, कायद्याने मुभा असली तरी.

खत घालायचेच असेल तर ते वर पसरून सोडू नये. वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीत मिसळावे. मग ते रोपाच्या हाताशी राहते आणि पावसाच्या हाती लागत नाही. माती सपाट करून बी अर्धे उभ्या आणि अर्धे आडव्या दिशेने फेकावे, म्हणजे कोपरे सुटत नाहीत. ब्लूग्रासचे बी चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम, उंच फेस्क्यूचे ३० ते ४० ग्रॅम लागते. दाताळ्याने हलके ओढून बी अर्धा सेंटिमीटर मातीखाली जाऊ द्यावे, हलका रूळ फिरवावा आणि मग काड पसरावे.

पाणी सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, पण थोडे थोडे द्यावे. फक्त वरचा थर ओला राहिला पाहिजे, पाणी वाहता कामा नये. रोपे दिसू लागली की पाळ्या कमी करून प्रत्येक वेळी जास्त पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर खत घालणे आणि पेरणी दोन्ही पुढे ढकलावे. रोपे आठ-नऊ सेंटिमीटर झाली की पहिली कापणी. तीही उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. उगवणीनंतर चार-सहा आठवड्यांनी थोडे नत्र द्यावे. स्फुरद मात्र पुन्हा देऊ नये.

एकदाच

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. गॅरेजमध्ये उरलेली स्टार्टरची अर्धी पिशवी पुढच्या वसंतात ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून जुन्या लॉनवर पडते. असे निर्बंध पाळल्याचा फायदा होतो का? मिशिगन राज्यातील ॲन आर्बर शहराने २००७ मध्ये असाच नियम लागू केला. त्यानंतर मिशिगन विद्यापीठाच्या जॉन लेहमन यांनी ह्युरॉन नदीच्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा फॉस्फरसमध्ये सरासरी २८ टक्के घट दिसली. त्यात जनजागृतीसारख्या इतर प्रयत्नांचाही हातभार असू शकतो, हेही त्या अभ्यासाने मान्य केले.

खत हा एकच दोषी नाही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात केलेल्या अभ्यासात पानगळीच्या दिवसांत रस्त्यांवरची पाने वेळच्या वेळी उचलल्याने पावसाच्या गटारांतून जाणारा फॉस्फरस ८४ टक्क्यांनी घटला. म्हणून कापलेले गवत लॉनवरच सोडावे. ते त्याचे खतच आहे. रस्त्यावर उडालेले गवत आणि पाने मात्र झाडून घ्यावीत.

महाराष्ट्रात ही गवते रुजत नाहीत आणि आपली तळी लॉनच्या खताने हिरवी होत नाहीत. कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तलावांना त्रास झाला तो मुख्यतः सांडपाण्याचा. पण फॉस्फरस मैल्यातून आला काय किंवा खतातून आला काय, शेवाळाला दोन्ही सारखेच. तळ्यावर हिरव्या रंगासारखा दाट तवंग दिसला, तर त्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये, जनावरांना ते पाजू नये आणि उकळून ते पिण्याजोगे होईल असे समजू नये.

मिनेसोटातल्या त्या अंगणात काड कशाला टाकले, या प्रश्नाचे उत्तर घरात नाही, रस्त्याच्या टोकाला आहे. तिथे तळे आहे. उन्हाळ्यात शेजारपाजारची मुले त्यात पोहतात.